जाळी आणि गाळणं

निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’ या खेळात एकंदर 80 किडे आहेत. फुलपाखरं, चतुर, नाकतोडे, भुंगे, मुंगी, माशी, डास, पिसू, गोगलगाय, कोळी, विंचू. (गोगलगाय, कोळी आणि विंचू हे कीटक नव्हेत, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण खेळानं त्यांना एकाच वहीत बसवलंय, आणि आपल्या आज्ज्या तरी ‘किडा-मुंगी’ म्हणताना सहा पाय कुठं मोजत होत्या?) 20 मार्च 2020 ला हा खेळ बाजारात आला आणि पाचच दिवसांनी आपल्याकडं टाळेबंदी लागली. जगभरात त्याच्या चार कोटींहून जास्त प्रती खपल्या. त्यातली एक आमच्या घरात आहे. नात खेळते, मी शेजारी बसून निवडण-टिपण करत बघते.

‘किडे पकडायला शिकवणारा खेळ जैनाच्या घरात कशाला?’ असं मंडळातल्या दोघी-तिघींनी मला विचारलं. प्रश्न बरोबर आहे की हो. पण ‘बंद करा’ एवढं म्हणून उठून जावं, असा हा खेळ नाही. आधी तो नीट बघू.

खेळणाऱ्याला एक बेट मिळतं. बेटावर माणसासारखे बोलणारे प्राणी शेजारी म्हणून राहायला येतात. इंटरनेटवरून मैत्रिणीच्या बेटावर जाता येतं. हातात एक जाळी असते. खेळातलं घड्याळ आपल्या भिंतीवरच्या घड्याळाबरोबर चालतं. बाहेर रात्र तर बेटावरही रात्र, बाहेर पौष तर बेटावरही थंडी. त्यामुळं प्रत्येक किड्याचा महिना ठरलेला आणि वेळही ठरलेली. उत्तर गोलार्धातलं बेट असेल तर काजवा फक्त जूनमध्ये, संध्याकाळी सातनंतर दिसतो. जून हुकला की वर्षभर थांबायचं. मुंग्या हव्या असतील तर सलगम सडवून जमिनीवर ठेवायचे. या बेटावर दर रविवारी सकाळी सलगमाची खरेदी होते आणि आठवडाभर त्याचे भाव चढतात-उतरतात, म्हणजे कंदमुळाचा सट्टाच! आपल्या लोकांनी या खेळात दोनदा डोळे मिटावेत अशी सोय आहे.

मला मात्र सगळ्यात जास्त थांबवलं ते चालण्यानं. बेटावर पळत सुटलं की फुलपाखरू उडतं, रातकिडा गप्प होतो, कोळी अंगावर येतो. म्हणून जाळी हातात घेऊन बटण दाबून ठेवायचं. मग ते चित्रातलं पोर दबकत, एकेक पाऊल बघत पुढं सरकतं. आधी जमीन बघायची, मग पाय टाकायचा. बायांनो, ही चाल आपण कुठं बघितली? चार हात पुढची जमीन बघत, पायाखाली जीव येऊ नये म्हणून चालणाऱ्या मुनिमहाराजांची ती चाल. ईर्यासमिती म्हणतात तिला. दहा वर्षांच्या पोरीला ‘हळू चाल, खाली बघ’ हे मी शंभर वेळा सांगून जे झालं नाही, ते या खेळानं एका बटणावर करून घेतलं. हेतू मात्र उलटा. महाराज जीव वाचावा म्हणून बघतात, ही हातात यावा म्हणून बघते. ती बघते, हे तेवढ्यानं खोटं होत नाही, आणि इथंच माझं परीक्षण अडकून बसलंय.

पकडलेला किडा संग्रहालयात द्यायचा. तिथला अधिकारी एक घुबड आहे. विद्वान, मृदू, अतिशय सभ्य. आणि त्याला किड्यांची किळस येते! निसर्गात घुबडं किडे खातात. हे घुबड किडा बघितला की शहारतं, तोंड फिरवतं आणि तसंच तोंड फिरवून त्या किड्याबद्दल खरी, शास्त्रीय माहिती सांगतं. खेळाचा सगळ्यात चांगला विनोद हाच आहे. मला ते घुबड फार ओळखीचं वाटलं. त्याला सगळं ठाऊक आहे, फक्त बघायचं नाहीये.

संग्रहालय सुंदर केलंय, हे मान्य करायला हवं. किडे टाचणीनं टोचून ठेवलेले नाहीत. झाडं आहेत, पाणी आहे, काचेआड मुंग्यांचं वारूळ आहे, फुलपाखरांच्या दालनात फुलपाखरं उडतायत. आवाजांवर तर कुणीतरी जीव लावून काम केलंय. जमिनीखाली बिळं करून राहणारा रातकिडा नुसत्या आवाजावरून शोधायचा असतो. कान लावून इकडं-तिकडं फिरायचं आणि जिथं आवाज वाढेल तिथं खणायचं. तो प्रत्यक्षातही तसाच. नर जमिनीत कर्ण्याच्या आकाराचं बीळ करतो आणि त्यात बसून गातो, म्हणजे आवाज लांब जातो.

बिघडतं ते यापुढं. दोन किडे मिळाले तर एक संग्रहालयाला, दुसरा दुकानात. दुकानात प्रत्येक किड्याला भाव आहे. माशी 60, मुंगी 80, डास 130, मधमाशी 200, विंचू 8000, हर्क्युलिस भुंगा 12,000. बेटावरच्या नाण्याला बेल म्हणतात. आता आपली यादी आठवा. आचार्य कुंदकुंदांच्या ‘पंचास्तिकाया’त ऊ, ढेकूण, मुंगी, विंचू हे तीन इंद्रियांचे जीव सांगितलेत, डास, माशी, मधमाशी, भुंगा, पतंग हे चार इंद्रियांचे. त्या यादीत विंचू आणि मुंगी शेजारी बसतात. खेळाच्या यादीत एका विंचवाला शंभर मुंग्या. दोन्ही याद्याच, दोन्हीकडं वर्गवारी. फरक असा, की एक यादी विचारते याला काय काय कळतं, आणि दुसरी विचारते याचे किती येतील.

भाव लावला की पुढचं काही सांगावं लागत नाही. 2020 सालीच खेळणाऱ्यांनी एक युक्ती शोधली. विमानानं एखाद्या रिकाम्या बेटावर जायचं, तिथली सगळी झाडं तोडायची, सगळी फुलं उपटायची, दगड फोडायचे, बाकीचे किडे हुसकून लावायचे. फुलपाखराला फूल नाही, भुंग्याला झाड नाही. मग रात्री त्या उजाड जमिनीवर 8000 ला विकला जाणारा मोठा केसाळ कोळी तेवढा येत राहतो. रात्रभर कोळी पकडायचे आणि खिसा भरून घरी. कंपनीनं हे शिकवलं नव्हतं. खेळणाऱ्यांनी आपल्या डोक्यानं काढलं. पण शेताचा एकच पिकासाठी उजाड माळ कसा होतो, त्याचा इतका स्वच्छ धडा मी कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचला नाही. नातीनंही एकदा तसं बेट केलं. मी विचारलं, ‘‘फुलं कशाला उपटलीस गं?’’ तर म्हणाली, ‘‘आज्जी, फुलांना भाव नाही.’’

दुसरी खोट जास्त सूक्ष्म आहे. खिशात टाकलेला किडा मरत नाही, खात नाही, वाढत नाही. महिनाभर ठेवा, वर्षभर ठेवा. अंडं, अळी, कोश, फुलपाखरू हा जो सगळा चमत्कार, त्यातलं काहीच इथं घडत नाही. अ‍ॅटलस पतंग घ्या. आपल्या सह्याद्रीत हा सापडतो. ताटलीएवढा, विटकरी पंखांवर काचेच्या खिडक्या असाव्यात तशा पारदर्शक त्रिकोणी जागा. कोशातून बाहेर पडल्यावर त्याला खायला तोंडच नसतं. अळी असताना जे साठवलं त्यावर आठवडा-दोन आठवडे काढायचे, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, संपलं. आपल्यात अठाईचे उपवास करणाऱ्या बाईला आपण पालखीत बसवतो. हा जीव जन्मभराचं पारणं आधीच करून आलेला असतो. खेळात त्याची किंमत 3000 आणि मुदत अमर्याद. तो इतका कमी दिवसांचा आहे, हेच तर त्याच्याकडं बघायचं कारण. तेच काढून घेतल्यावर उरतं ते चित्र.

शेणकिड्याचं तर हसू येतं. शेण दाखवायची लाज वाटली असावी, म्हणून खेळात तो हिवाळ्यात बर्फाचा गोळा ढकलतो. सोवळ्यातला शेणकिडा! खऱ्याची गोष्ट ऐका. दक्षिण आफ्रिकेतले काही शेणकिडे रात्री शेणाचा गोळा सरळ रेषेत ढकलत नेतात, म्हणजे वाटेत कुणी हिसकावून घेऊ नये. चंद्र नसला तरी सरळच जातात. शास्त्रज्ञांनी त्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या छोट्या टोप्या घातल्या, तशी त्यांची वाट वाकडी झाली. मग जोहान्सबर्गच्या तारांगणात नेऊन बघितलं, आणि 2013 साली प्रसिद्ध झालं की हा किडा आकाशगंगेच्या पट्ट्याकडं बघून दिशा ठरवतो. शेणाचा गोळा पायात आणि आकाशगंगा डोक्यावर. एवढं असताना बर्फ कशाला हवा होता?

एक वस्तू मात्र मला या वहीत मनापासून आवडली. झाडाला चिकटलेली सिकाडाची कात. हा किडा जमिनीखाली वर्षं काढतो, वर येतो, पाठीवर चिरतो आणि कवच झाडावर सोडून उडून जातो. खेळात त्या रिकाम्या कवचाला भाव आहे दहा बेल, सगळ्यात कमी. 80 मध्ये ही एकच गोष्ट अशी, की जिच्यात जीव नाही आणि जी घेतल्यावर प्रतिक्रमण करावं लागत नाही.

दुसरे खेळ यापेक्षा बरे आहेत असं समजू नका. 1999 साली सुरू झालेल्या ‘नीओपेट्स’मध्ये एक पाळीव प्राणी, त्या प्राण्याचा पाळीव प्राणी, आणि त्याच्या अंगावर बसणारा तिसरा पाळीव म्हणजे किडा. दागिन्याच्या दागिन्याचा खडा. ‘फ्लाइट रायझिंग’मध्ये पाळलेल्या ड्रॅगनांना खायला घालायला किडे गोळा करायचे. ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’मध्ये निदान किडा हा किडा म्हणून येतो, नाव, महिना, वेळ आणि आवाज घेऊन.

हे सगळं जपानातून यावं, यालाही कारण आहे. तिथं उन्हाळ्याच्या सुट्टीत जाळी घेऊन किडे पकडायला जाणं हे पोरांचं पिढ्यांचं काम. पोकेमॉनचा जनक सातोशी ताजिरी टोकियोजवळच्या माचिदा गावात वाढला. किड्यांच्या वेडापायी पोरं त्याला किड्यांचा डॉक्टर म्हणत. त्याच्या डोळ्यांदेखत तळी बुजली, शेतांवर इमारती आल्या, किडे गेले. पुढं त्यानं पकडायचा, जमवायचा आणि मित्राशी अदलाबदल करायचा खेळ काढला, 1996 साली. म्हणजे या खेळांच्या मुळाशी एक हरवलेलं तळं आहे. ते दुःख खरं आहे, म्हणून त्या आवाजांत जीव उतरला, असं मला वाटतं. पण पोरांच्या हाती येईपर्यंत दुःख गळून गेलं आणि जमवणं राहिलं.

आता आपल्याकडं वळते, कारण नुसतं जपानला नाव ठेवून भागणार नाही.

आपण किड्यासाठी किती करतो! पाणी गाळतो. धान्य निवडतो, पीठ चाळतो. दिवस मावळायच्या आत जेवतो. चातुर्मासात पालेभाजी बंद. झाडू मऊ. महाराजांच्या हातात मोरांनी आपणहून टाकलेल्या पिसांची पिंछी. जगात दुसऱ्या कुठल्या समाजानं स्वयंपाकघराची सगळी रचना डासा-मुंगीच्या जिवाभोवती केली असेल असं मला वाटत नाही. तरी आपल्यातल्या दहा बायांना विचारा, की तांदळातली आणि हरभऱ्यातली पोरकिडी एकच का वेगळी? मुंगी पावसाआधी तोंडात काय घेऊन जाते? उत्तर येईल, ‘‘कशाला बघायचं? बाजूला करायचं.’’ आपली दया हळूहळू त्या घुबडासारखी झालीय. मान फिरवून केलेली. ईर्यासमितीचा अर्थ डोळे उघडे ठेवून चालणं. उमास्वामींनी हिंसेची व्याख्या केली ती प्रमादाशी बांधून, म्हणजे बेसावधपणाशी. न बघणं हा त्यातला उपाय कधीच नव्हता.

उदाहरण देते. खिडकीच्या चौकटीवर कुंभारीण मातीचं इवलं मडकं करते, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. चातुर्मासात कुणी ते पाडत नाही. पाडू नये, हे लहानपणापासून ठाऊक. जुन्या लोकांनी थोडं जास्त बघितलं. ती अळी उचलून मडक्यात नेते आणि काही दिवसांनी त्यातून कुंभारीणच बाहेर येते. म्हणजे अळीनं ध्यास घेऊन तिचं रूप घेतलं! त्यातून भ्रमर-कीटक न्याय निघाला, कीर्तनांतून, प्रवचनांतून हजार वेळा सांगितला गेला. दृष्टांत फार गोड. पण आत काय घडतं ते असं : मडक्याच्या आत कुंभारीण एका तंतूनं अंडं लोंबकळत ठेवते, मग अळ्यांना डंख मारून लुळ्या करून आत भरते आणि तोंड लिंपून टाकते. अळ्या मेलेल्या नसतात, म्हणून नासत नाहीत. अंड्यातून निघालेलं पोर त्या ताज्या अळ्या खाऊन वाढतं आणि मडकं फोडून बाहेर पडतं.

हे मी नातीला सांगितलं. ती त्या वर्षीच्या श्रावणात बारा दिवस खिडकीशी ठिय्या मारून होती. खेळानं तिला वाट बघायची सवय लावली होती, हे मी मान्य करते. सगळं ऐकून ती म्हणाली, ‘‘मग हिला पाप लागतं का?’’ मी म्हटलं, तिला ठरवता येत नाही, आपल्याला येतं. त्यावर तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. माझंही पुरतं नाही.

खेळातल्या वहीसारखी एक खरी वही तिनं केली. रकाने तेच : नाव, महिना, वेळ, जागा, किंमत. किमतीच्या रकान्यात काय लिहू, असं विचारायला आली. मी म्हटलं, इंद्रियं लिही. लिहायला लागली आणि भांडण सुरू झालं. मुंगी तीन, म्हणजे डोळे नाहीत. पण भिंगाखाली डोळे दिसतात की! बहुतेक मुंग्यांना असतात, आणि विंचवाला तर डोक्याच्या वरच्या बाजूलाही. रातकिड्याचे कान पुढच्या पायांवर असतात, तोही ऐकतोच. नाहीतर नर गातो कुणासाठी? मला पंडितांशी वाद घालायचा नाही. आपली यादी प्राणिशास्त्राच्या परीक्षेसाठी केलेली नाही. पायाखालच्यालाही काहीतरी कळतं, एवढं माणसाच्या मनात उतरावं म्हणून केलेली आहे, आणि ते काम तिनं दोन हजार वर्षं केलंय. पण नातीचा प्रश्न उद्धटपणाचा नाही. पाठशाळेत तो विचारला गेला तर तिला गप्प बसवू नये, एवढीच विनंती. तिच्या वहीत सध्या मुंगीपुढं ‘3’ आहे आणि त्यापुढं प्रश्नचिन्ह. मला ते ठीक वाटतं.

खेळाबद्दल शेवटची तक्रार ही, की त्यात सोडण्याला हिशेब नाही. खिसा भरला आणि नवा किडा सापडला तर ‘सोडून द्या’ असा पर्याय येतो खरा. पण दिलेल्याची नोंद होते, विकलेल्याचे पैसे येतात. सोडलेल्याचं कुठंच काही लागत नाही. घुबड काही बोलत नाही, वहीत खूण होत नाही. जून ते सप्टेंबर दर महिन्याच्या चौथ्या शनिवारी तीन-तीन मिनिटांच्या पकडण्याच्या स्पर्धा मात्र होतात.

आपल्याकडं पाणी गाळून झालं की काम अर्धंच झालेलं असतं. गाळणं उलटं करून, गाळलेल्या पाण्यानंच धुऊन, ते जिवाणीचं पाणी जिथून आलं तिथंच सोडायचं. विहिरीचं विहिरीत, तेही वरून फेकून नाही, तर तळापर्यंत अलगद उतरवून. माझ्या सासूबाई कडीच्या बादलीनं ते करायच्या. आता आमच्या आळीतली विहीर बुजवून तिथं गाड्या लागतात. नळाच्या पाण्याची जिवाणी नळात कशी सोडणार? बऱ्याच घरांत ते गाळणं मोरीत पिळलं जातं, आणि नियम पाळला गेला म्हणून सगळे निवांत. आमच्याकडं ते पाणी परसातल्या कमळाच्या कुंडीत जातं. नात गाळणं उलटं करण्याआधी ओल्या फडक्यावर भिंग धरते. बहुतेक वेळा काही दिसत नाही. मागच्या पावसाळ्यात त्या कुंडीत चतुराच्या अळ्या झाल्या, आणि एका सकाळी कमळाच्या देठावर एक कात चिकटलेली सापडली; पाठीवर चिरलेली, आत कुणी नाही. ती काड्यापेटीत ठेवलीय. वहीत तिच्या नावापुढं किमतीचा रकाना रिकामा आहे.